व्हिडिओ पोकर : रॉयल फ्लशच्या मागे कधी लागावं, कधी नाही

"रॉयल फ्लश लागण्याची ट्रिक सांगा," हा प्रश्न मला वारंवार येतो. उत्तर आधीच देऊन टाकतो. हवे ते पत्ते आणण्याची ट्रिक कुणाकडेच नाही. आलेल्या पाच पत्त्यांतले कोणते ठेवायचे, एवढंच आपल्या हातात असतं. मात्र तेवढ्यानेही मोठा फरक पडतो.

लास वेगासमध्ये रुळलेला 'जॅक्स ऑर बेटर' हा प्रकार घेऊ. मशीन ५२ पत्त्यांच्या जोडातून पाच पत्ते देतं. हवे ते ठेवायचे, बाकीचे एकदाच बदलायचे. गुलाम किंवा त्याहून मोठ्या पत्त्याची जोडी लागली की लावलेले पैसे परत मिळतात. एकाच रंगाचे एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी आले की रॉयल फ्लश.

आता एक हात बघा. बदाम एक्का, राजा, राणी, गुलाम आणि बदाम पंजी. म्हणजे फ्लश तयार आहे, एकाला सहा मिळणार. पंजी टाकाल का? हिशोब करू. उरलेले पत्ते ४७. त्यात बदाम दश्शी आली तर ८००. दुसरा कुठलाही बदाम आला, असे सात आहेत, तर पुन्हा फ्लश, म्हणजे ४२. बाकीच्या तीन दश्श्यांनी स्ट्रेट होते, चारप्रमाणे १२. बारा पत्त्यांनी मोठी जोडी लागते, त्याचे १२. बेरीज ८६६, भागिले ४७, म्हणजे सरासरी १८.४. हातातले सहा सोडून पंजी टाकणंच बरोबर.

पण हाच नियम सगळीकडे लावू नका. बदाम राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी म्हणजे तयार स्ट्रेट फ्लश, एकाला ५०. तिथे एक्क्याच्या आशेने नव्वी टाकली तर सरासरी १८.६ वर येते. हात लावू नका.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा. मोठी जोडी आणि रॉयलचे तीन पत्ते एकत्र आले तर जोडी ठेवा. छोटी जोडी आणि एकाच रंगाचे चार पत्ते असतील तर जोडी मोडा. आणि जोडीबरोबर उगाच एक्का धरून बसू नका.

रॉयलचे ८०० मिळतात ते पूर्ण पाच क्रेडिट लावल्यावर. कमी लावले तर दर क्रेडिटला फक्त २५०. पाच परवडत नसतील तर कमी किमतीच्या क्रेडिटचं मशीन निवडा.

खेळण्याआधी मशीनवरचा तक्ता वाचा. फुल हाउसला ९ आणि फ्लशला ६ असतील, तर अचूक खेळल्यावर दर १०० मागे सरासरी ९९.५४ परत येतात. ८ आणि ५ असतील तर ९७.३०. दिसायला दोन्ही मशीनं सारखीच. डावाला सव्वा डॉलर आणि तासाला ६०० डाव धरले, तर पहिल्यावर तासाचा सरासरी तोटा साडेतीन डॉलरच्या आसपास, दुसऱ्यावर वीस डॉलर.

आता रॉयलकडे येऊ. अचूक खेळलात तरी तो साधारण ४०,३९० डावांतून एकदा लागतो. याच वेगाने सुमारे ६७ तास. तेवढे डाव खेळल्यावर तरी नक्की लागेल का? नाही. १०० जणांपैकी साधारण ३७ जणांना तेवढ्या डावांत एकदाही लागत नाही. त्या ९९.५४ मधले जवळपास दोन रुपये एकट्या रॉयलचे आहेत. तो येत नाही तोवर तुम्ही ९७.५ वरच खेळत असता. 'इतका वेळ आला नाही, आता येईलच' हेही खोटं. प्रत्येक डावाला पत्ते नव्याने पिसले जातात.

म्हणून ट्रिक विकणाऱ्यांना पैसे देऊ नका. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवायला आपल्याकडे २०२५ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे तशा ॲपपासूनही लांब राहा. गोव्यात किंवा परदेशात कॅसिनोत गेलात, तर गमावले तरी चालतील एवढेच पैसे वेगळे काढा. घरखर्चाच्या पैशांना हात लावू नका. उधार घेऊन तर मुळीच खेळू नका. सरावच करायचा असेल तर घरातला पत्त्यांचा जोड घ्या, पाच पत्ते वाटा आणि काय ठेवायचं ते ठरवा. त्याला खर्च शून्य.

पुढच्या भागात दुऱ्या जोकर असणारा 'ड्यूसेस वाइल्ड' बघू. तोवर नमस्कार.