अर्धा फूट मातीचं वजन

मृगाआधी वावर तयार हवं, म्हणून वाशिम जिल्ह्यात मे महिन्याच्या उन्हात ट्रॅक्टर फिरत असतात. नांगरट होते, ढेकळं तापतात, मग वखराच्या नाहीतर रोटाव्हेटरच्या पाळ्या. वर्षानुवर्षं बघत आलेलं हे काम. पण या कामात किती माती हलते, याचा हिशेब आपण कधी मांडत नाही. आज मांडू.

वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा या सहा तालुक्यांत मिळून सोयाबीनचं क्षेत्र सुमारे ३ लाख हेक्टर आहे. नांगर फक्त अर्धा फूट, म्हणजे १५ सेंटिमीटर खोल गेला असं धरा. एका हेक्टरातली तेवढी माती १,५०० घनमीटर भरते. काळ्या मातीचा घनमीटर १.३ टनाचा धरला, तर हेक्टरी १,९५० टन. आता याला ३ लाखांनी गुणा. उत्तर येतं ५८ कोटी ५० लाख टन.

सगळ्या भारतानं २०२३-२४ या वर्षात जेवढं अन्नधान्य पिकवलं, ते साधारण ३३ कोटी टन भरलं. म्हणजे एका जिल्ह्यातल्या एका पिकाखालच्या रानाची एक नांगरट देशाच्या धान्याच्या पावणेदोन पट वजन उलथवते. ही माती १० टनी ट्रकांत भरली आणि १० मीटर लांबीचे ते ट्रक एकामागे एक उभे केले, तर रांग ५ लाख ८५ हजार किलोमीटरची होईल. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे. रांग चंद्राला पोचेल आणि परतीची अर्धी वाटही व्यापेल.

या अफाट ढिगाऱ्यात पिकाला जगवणारा ऐवज मात्र फार थोडा आहे. तो म्हणजे सेंद्रिय कर्ब: कुजलेली मुळं, पानं, शेण, मेलेले सूक्ष्मजीव यांतून मातीत साठलेला कार्बन. मातीचे कण तो एकमेकांना बांधून ठेवतो, पाणी धरतो, नत्र हळूहळू पिकाला देतो. आपली माती काळी म्हणून ती कर्बाने भरलेली, असा समज आहे. हा काळेपणा मुख्यतः बेसाल्टपासून झालेल्या चिकणमातीचा आणि तिला घट्ट चिकटलेल्या थोड्याशा ह्युमसचा आहे. दख्खनच्या अशा जमिनींत पृष्ठभागावरचा कर्ब बहुधा १ टक्क्याच्या आतच असतो. मृदा आरोग्य पत्रिकेवर ०.५ टक्क्याच्या आसपासचा आकडा दिसणं नेहमीचंच.

०.५ टक्का धरला, तर ५८ कोटी टनांतला कर्ब उरतो २९ लाख टन. चंद्राला वळसा घालणारी ती रांग २,९०० किलोमीटरवर येते. भारताची दक्षिणोत्तर लांबीही ३,२१४ किलोमीटर आहे. एका जिल्ह्याच्या सोयाबीनची सगळी पुंजी एवढीच.

आणि ही पुंजी रोज जळते. एक ग्रॅम सुपीक मातीत १०० कोटी जीवाणू असू शकतात. कर्ब हेच त्यांचं अन्न. तो खाऊन ते कार्बन डायऑक्साइड सोडतात. किती वेगानं खातील, हे ऊब, ओल आणि हवा ठरवतात. १९७७ साली जेंकिन्सन आणि अयनाबा या शास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. किरणोत्सारी कार्बनने खूण केलेलं राय गवत त्यांनी इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेडच्या आणि नायजेरियातल्या इबादानच्या मातीत कुजवलं. नायजेरियात ते चौपट वेगानं कुजलं. इबादानचं सरासरी तापमान २६ अंशांच्या आसपास, म्हणजे आपल्यासारखंच. थंड देशात एक वर्ष टिकणारं खाद्य आपल्याकडे तीन महिन्यांत संपतं.

युरोपात नांगराने गारठलेल्या ओल्या मातीला ऊब आणि हवा दिली. तिथं ती गरज होती. इथं ऊब मुबलक आहे. नांगर ढेकूळ फोडतो तेव्हा त्याच्या पोटात जीवाणूंपासून लपून राहिलेला कर्ब उघडा पडतो आणि हवा आत शिरते. पहिला पाऊस पडला की जळणाचा भडका उडतो. त्यात वरची भुगा झालेली माती पाण्याबरोबर वाहून जाते. देशात दर हेक्टरी सरासरी १६ टन माती वर्षाला धुपते असा जुना अंदाज आहे. म्हणजे मिलिमीटरभराहून जास्त थर. आणि गंमत बघा, उन्हाळ्यात मोठ्या भेगा पडून पावसात मिटणारी ही माती स्वतःच नांगरली जाते, असं जुने अभ्यासक म्हणत आले आहेत.

आता एका एकराचा ताळेबंद. १५ सेंटिमीटर मातीचं वजन ७९० टन, त्यात कर्ब सुमारे ३,९५० किलो. उष्ण प्रदेशात वर्षाला ३ टक्के जळतो असं धरा: एकरी ११८ किलो. तेवढा परत मातीत राहायला काय लागतं? मातीत गेलेल्या काडीकचऱ्यातल्या कार्बनपैकी १५ टक्के टिकतो असं धरलं, तर ७९० किलो कार्बन, म्हणजे सुमारे १ टन ९०० किलो कोरडा पाला लागेल. हे फक्त आहे तिथं टिकण्यासाठी. सोयाबीनचं एकरी ८ क्विंटल पीक आलं तर कुटार साधारण १० क्विंटल. तेही खळ्यावरून विकलं किंवा पेटवलं, तर हा ताळेबंद कधीच जुळणार नाही. आणि ३ लाख हेक्टरांचे ते ३ टक्के? वर्षाला जवळपास ८८ हजार टन. ट्रकांची ती रांग वाशिमहून अकोल्यापर्यंत पोचते. दरवर्षी एवढी पुंजी हवेत जाते, आणि मुळांनी, शेणखतानं जेवढं भरलं तेवढंच वाचतं.

वाट आहे. १९७२ साली, महाराष्ट्र दुष्काळात होरपळत होता तेव्हा, ब्राझीलच्या पराना राज्यातल्या हर्बर्ट बार्ट्झ या शेतकऱ्यानं न नांगरता सोयाबीन पेरलं, कारण पावसानं त्याची माती वाहून जात होती. आज ब्राझीलमध्ये नांगराविना शेती ३ कोटी हेक्टरांहून अधिक आहे. महाराष्ट्रात नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी गादीवाफे एकदाच करायचे आणि पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची अशी पद्धत उभी केली. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेत १९७६ पासून काळ्या मातीवर चाललेल्या प्रयोगात रुंद सरी-वरंबा, कडधान्याचं आंतरपीक आणि संतुलित खत दिलेल्या रानात पारंपरिक रानापेक्षा हेक्टरी दरवर्षी ३३० किलो जास्त कर्ब साठला. ही मोजणी १२० सेंटिमीटर खोलीपर्यंतची. एकरी हे १३४ किलो होतात, आपल्या ताळेबंदातल्या तोट्याहून थोडे जास्तच.

एक गोष्ट नीट सांगायला हवी. नांगर थांबवला म्हणजे कर्ब आपोआप वाढतो, असं नाही. अनेकदा तो फक्त वरच्या थरात गोळा होतो आणि एकूण साठा तेवढाच राहतो. तणाचा प्रश्नही खरा आहे, आणि तणनाशक हे त्याचं निर्धोक उत्तर नाही. वाढ होते ती मशागत कमी आणि पालापाचोळा जास्त, अशा जोडीनं. गुरांना लागेल तेवढं कुटार ठेवा, उरलेलं वावरात पसरा. तुरीची पानगळ मातीतच राहू द्या. दोन पाळ्यांऐवजी एका पाळीवर भागतं का ते पाहा. काडी मात्र लावू नका.

मृदा आरोग्य पत्रिकेवर ०.५ च्या जागी ०.६ यायला सारं रान बदलावं लागत नाही. दशांश चिन्हानंतरचा एकच आकडा बदलतो. जिल्ह्याच्या सोयाबीनवर तो आकडा ५ लाख ८५ हजार टन कर्बाचा आहे. ट्रकांची रांग लावली तर ५८५ किलोमीटर. याच जिल्ह्यातून जाणाऱ्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाचा बहुतेक भाग ती भरून टाकेल. एकरामागे हा भार ७९० किलोचा आहे. कुटाराचा ढीग पेटवायला काडी हातात घेण्याआधी हा आकडा आठवावा.