बाजार परत मिळाला, वऱ्हाड नाही

सुलतान बाजाराचं जुनं नाव रेसिडेन्सी बाजार. कोठीच्या पूर्वीच्या महिला कॉलेजातली ती खांबांची इमारत म्हणजे ब्रिटिश रेसिडेन्सी.

गंमत अशी, की हैदराबाद इंग्रजांनी लढून जिंकलंच नाही. १७९८च्या तहानुसार निजामाच्या रक्षणासाठी त्यांची फौज आली, खर्च निजामाचा. पुढे कंटिन्जंट नावाची आणखी एक फौज उभी राहिली. तिचे पैसे थकले आणि १८५३मध्ये त्यापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं. जुलै १८५७मध्ये तुर्रेबाज खान आणि मौलवी अल्लाउद्दीन यांनी याच रेसिडेन्सीवर हल्ला केला, पण तो फसला. १९०२मध्ये वऱ्हाडाचा कायमचा भाडेपट्टा झाला.

१९३३मध्ये हा बाजार निजामाला परत मिळाला आणि ‘सुलतान’ झाला. वऱ्हाड मात्र गेलं ते गेलंच. वऱ्हाड आणि मराठवाडा पुन्हा एका राज्यात आले १९५६मध्ये, म्हणजे १०३ वर्षांनी. मधल्या काळात मराठवाड्यातली कचेरी बरीच वर्षं उर्दूत चालली होती, वऱ्हाडातली मराठी-इंग्रजीत.

म्हणून परकी फौज ‘मदतीला’ येते तेव्हा दोन प्रश्न विचारायला हवेत: खर्च कोण देणार, आणि नाही दिला तर काय जाणार? वऱ्हाडातल्या लोकांना ते कुणी विचारलंच नव्हतं.