थरथर नेमकी कुठली?

मुंबईच्या शेवटच्या प्रीमियर पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ची. टॅक्सीसाठीची वीस वर्षांची मुदत संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. खासगी पद्मिनी मात्र अजून हौशी मालकांनी जपून ठेवल्या आहेत. त्यातली एखादी ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या पुढे थरथरू लागली की अंदाजपंचे दुरुस्ती सुरू होते. आधी माउंटिंग बदलतात, मग क्लच प्लेट, शेवटी गिअरबॉक्स उतरवायची भाषा येते. पैसे जातात, थरथर राहते.

कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या या गाडीची रचना तशी सरळ आहे. पुढे १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, त्यामागे क्लच आणि चार गिअरचा बॉक्स, आणि तिथून गाडीच्या पोटाखालून मागच्या ॲक्सलपर्यंत गेलेला प्रोपेलर शाफ्ट. या भागांच्या फिरण्याचा वेग सारखा नसतो, आणि दोष सापडतो तो याच फरकामुळे. ताशी ६० किलोमीटरला चाक सेकंदाला साधारण ९ फेऱ्या घेतं, तर शाफ्ट त्याच्या चौपटीहून अधिक. त्यामुळे चाकातला दोष हादऱ्यांसारखा जाणवतो, शाफ्टमधला बारीक घरघरीसारखा.

पहिली तपासणी गाडी जागेवर उभी ठेवूनच होते. न्यूट्रलमध्ये इंजिन हळूहळू चढवायचं. उभ्या गाडीतही थरथर आली, तर चाकं, शाफ्ट आणि ॲक्सल तिथल्या तिथे निर्दोष सुटतात. मग क्लच दाबून बघायचा. थरथर थांबली तर संशय क्लच प्लेट आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर. तशीच राहिली तर इंजिन, फ्लायव्हील किंवा प्रेशर प्लेटवर, कारण प्रेशर प्लेट फ्लायव्हीलला बोल्टने आवळलेली असते आणि क्लच दाबला तरी फिरतच राहते.

आयडलिंगलाच इंजिन हलत असेल, तर बहुतेक वेळा एखादा सिलिंडर मिसिंग मारत असतो. जाणकार मेकॅनिक इन्सुलेटेड पक्कडीने प्लगच्या वायरी एकेक करून काढून बघतो. चालू सिलिंडरची वायर काढली की इंजिन आणखी पडतं. ज्याची वायर काढूनही फरक पडत नाही, तो सिलिंडर दोषी. पुढे प्लग, पॉइंट, वायर, कॉम्प्रेशन, हा क्रम.

सगळं ठीक असतानाही चार सिलिंडरचं साधं इंजिन पूर्ण शांत नसतं. पिस्टनच्या वर-खाली होण्यातून क्रँकच्या प्रत्येक फेरीत दोनदा धक्का उरतो. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच वजनदार उपशाफ्ट फिरवून तो मारायची युक्ती काढली होती. पद्मिनीत तसे उपशाफ्ट नाहीत. सारी भिस्त रबरी माउंटिंगवर. रबर कडक झालं, किंवा सायलेन्सरचा पाइप बॉडीला टेकू लागला, की निरोगी इंजिनाचीही थरथर आत येते.

उभ्या गाडीत काही जाणवलं नाही तर मोकळा रस्ता गाठायचा. ज्या वेगाला त्रास होतो त्याच वेगाने आधी चौथ्या आणि मग तिसऱ्या गिअरमध्ये चालवायचं. गिअर बदलल्यावर थरथरीची जात बदलली, तर ती इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेली. बदलली नाही, तर शाफ्ट, ॲक्सल किंवा चाकं. स्टीअरिंग थरथरलं तर बहुधा पुढची चाकं. सीट आणि फ्लोअर थरथरले तर मागची चाकं किंवा शाफ्ट. ॲक्सिलरेटर दाबला की वाढणारी थरथर शाफ्टच्या जॉइंटकडे बोट दाखवते.

मग गाडी स्टँडवर घेऊन शाफ्ट हाताने हलवून पाहायचा. जॉइंटच्या क्रॉसमध्ये ढिलेपणा आहे का, वेल्ड केलेलं बॅलन्सिंगचं वजन निखळलंय का, नळीला पोचा आहे का? गंजू नये म्हणून खालून मारलेलं कोटिंग शाफ्टवर उडालं असेल, तर तेवढ्यानेही बॅलन्स बिघडतो. शिवाय शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट तिरका फिरताना प्रत्येक फेरीत दोनदा कमीजास्त वेग घेतो. दोन टोकांचे जॉइंट एका रेषेत असतील तरच हा फरक एकमेकांत विरतो. म्हणून शाफ्ट काढण्याआधी खुणा करून ठेवणं अत्यावश्यक.

महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या गाडीचे टायर जमिनीला टेकतात तिथे चपटे होतात, आणि थरथर त्यांचीही असू शकते. काही किलोमीटर चालवून ते गोल झाले तर उत्तमच. नाही झाले तर टायर बदलावेच लागतात, कितीही नक्षी शिल्लक दिसली तरी.

तेव्हा पद्मिनीच काय, कोणतीही जुनी गाडी गॅरेजला नेण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: वेग, गिअर, ॲक्सिलरेटर दाबलेला होता की सोडलेला, आणि उभ्या गाडीत थरथर येते की नाही. गिअरबॉक्स उतरवायची परवानगी त्यानंतरच द्या.