हथिनीकुंड ते पानिपत: पुराची साखळी

मराठी माणसाला पानिपत म्हटलं की 1761 आठवतं. तिथल्या यमुनाकाठच्या गावांना मात्र पावसाळ्यात हथिनीकुंडचा आकडा महत्त्वाचा. हरियाणाच्या यमुनानगर जिल्ह्यातल्या या बराजवर विसर्ग एक लाख क्युसेकवर गेला, की कालव्यांचे दरवाजे बंद होतात आणि सगळा लोंढा नदीतच उतरतो. 11 जुलै 2023 रोजी तो साडेतीन लाखांवर गेला होता.

आकडा सिंचन विभाग कळवतो, पूरपातळीचा अंदाज केंद्रीय जल आयोग देतो. गावं हलवायची की नाही, हे उपायुक्त (आपल्याकडचे जिल्हाधिकारी) ठरवतात. 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरण त्यांच्याच हाती. होड्या घेऊन एनडीआरएफ येते, गरज पडली तर लष्कर. पैलतीरावरचं कैराना उत्तर प्रदेशात, म्हणजे तिथला कारभार वेगळा!

साखळी कच्ची कुठे, ते 2023 च्या त्याच पुरात दिल्लीत दिसलं. आयटीओ बराजची देखभाल तेव्हा हरियाणाकडे होती, पाणी शिरलं राजधानीत. गाळाने अडकलेले दरवाजे उघडायला लष्कर आणि नौदलाचे पाणबुडे बोलवावे लागले. दिल्ली आणि हरियाणा, दोन्ही सरकारं एकमेकांकडे बोट दाखवत राहिली. कर्नाटकातल्या आलमट्टी धरणावरून कोल्हापूर-सांगलीकरांना हा वाद नवा नाही.

13 जुलैला दिल्लीत यमुनेची पातळी 208.66 मीटरवर गेली. 1978 चा विक्रम मोडला.