हंगामी विक्री कर्मचारी (महाराष्ट्र)

हंगामी विक्री कर्मचारी म्हणजे सणासुदीच्या किंवा लग्नसराईच्या दिवसांत वाढलेली गर्दी सांभाळण्यासाठी दुकानात ठरावीक काळापुरता, अनेकदा अर्धवेळ, नेमला जाणारा कर्मचारी होय. अनेक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची ही पहिली पगारी नोकरी असते. हंगाम सरल्यावर काहींना ठेवून घेतले जाते व पुढे ते कायम होतात. इतरांचे काम दिवाळीबरोबरच संपते. ‘२४० दिवस भरले की कायम’ ही समजूत कामगारवर्गात सर्वत्र आढळते. ती अर्धीच खरी आहे.

हंगाम

महाराष्ट्रातील किरकोळ व्यापाराचा हंगाम एक नसून अनेक आहेत. जूनमध्ये शाळा सुरू होताना वह्या, गणवेश, छत्र्या व रेनकोट यांची विक्री होते. त्यामागून गणेशोत्सव येतो, मग दसरा-दिवाळी. तुळशीविवाहानंतर लग्नसराई सुरू होऊन कापड व सराफी दुकानांत गर्दी होते, ती अक्षय्यतृतीयेपर्यंत अधूनमधून टिकते. पारंपरिक पेढ्यांवर जादा माणूस बहुधा ओळखीतून आणला जाई. १९९० च्या दशकात मोठी साखळी-दुकाने आली आणि २०१४ पासून ऑनलाइन विक्रीचे उत्सवी ‘सेल’ सुरू झाले, तशी ही भरती जाहिराती व मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थांमार्फतही होऊ लागली.

कामाचे स्वरूप

नवख्या कर्मचाऱ्याला सुरुवातीस गिऱ्हाइकांपुढे क्वचितच उभे करतात. माल लावणे, उलगडलेल्या कपड्यांच्या घड्या घालणे, गोदामातून माप शोधून आणणे, ट्रायल रूमबाहेर नग मोजणे ही त्याची पहिली कामे असतात. गल्ला किंवा बिलिंग काउंटर विश्वास बसल्यावरच हाती येतो. काम बहुतांशी उभ्यानेच असते. दुकानांतील कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्याने बंधनकारक केले.

नेमणूक अल्पकाळाची असली तरी हक्क शून्य नसतात. ठरलेल्या तासांपलीकडील कामाला महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ नुसार दुप्पट दराने मोबदला द्यावा लागतो. बोनस अधिनियम, १९६५ ज्या आस्थापनांना लागू होता, तेथे वर्षात किमान ३० दिवस काम केलेला व वेतनमर्यादेत बसणारा कर्मचारी बोनसला पात्र ठरे. म्हणजे पूर्ण दिवाळी हंगाम काढलेल्या मुलालाही प्रमाणशीर बोनस मागता येत असे, पण याची माहिती फार थोड्यांना असते.

दोनशे चाळीस दिवस

या आकड्याचे मूळ दोन वेगळ्या कायद्यांत आहे आणि गोंधळही तेथेच होतो. औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ च्या २५-ब कलमानुसार बारा महिन्यांत २४० दिवस काम केलेल्या कामगाराची एक वर्षाची अखंड सेवा झाली असे मानले जाई. त्याने तो कायम होत नसे. त्याला काढताना महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचे सरासरी वेतन द्यावे लागे, इतकेच.

कायम करण्याचे बंधन महाराष्ट्राच्या आदर्श स्थायी आदेशांतील ४-क या तरतुदीत होते. तिच्यानुसार मागील बारा महिन्यांत २४० दिवस भरलेल्या बदली वा तात्पुरत्या कामगाराला लेखी आदेशाने कायम करावे लागे. हंगामी स्वरूपाच्या आस्थापनेसाठी हा आकडा १९० होता. त्याचा लाभ दुकानातील हंगामी माणसाला मिळत नाही, कारण दुकान वर्षभर उघडे असते. हंगामी असते ती केवळ त्याची नेमणूक. १९४८ च्या जुन्या दुकाने कायद्याने स्थायी आदेशांचा कायदा ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना लागू केला होता. गल्लीतील कापड दुकान त्यात कधीच बसले नाही.

निव्वळ दिवाळीपुरत्या, दीड महिन्याच्या नोकरीत २४० दिवस भरण्याचा प्रश्नच येत नाही. तेथे कायम होणे सर्वस्वी मालकाच्या गरजेवर व मर्जीवर अवलंबून असते. कायद्याचा मार्ग खुला होतो तो एकाच दुकानात हंगामामागून हंगाम जोडले गेल्यास. साप्ताहिक सुट्ट्या पगारी असतील, तर १५ जूनला रुजू होऊन अखंड काम करणाऱ्याचे २४० दिवस फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात भरतात. रविवार व पगारी सुट्ट्या या मोजणीत धराव्यात, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या कामगारांच्या प्रकरणात ठरवले.

अर्धवेळ काम करणारा कर्मचारी मुळात कर्मचारीच नव्हे, हा बचाव टिकणारा नाही. हैदराबाद-सिकंदराबादच्या शिंपीकामगारांसंबंधीच्या सिल्व्हर जुबिली टेलरिंग हाऊस खटल्यात (१९७३) दिवसभर दुकानात न बसणारा व नगावर मोबदला घेणारा कारागीरही कर्मचारी ठरला. मात्र कायम होणे आणि पूर्णवेळ होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायम झालेल्या अर्धवेळ कर्मचाऱ्याचे तास आपोआप वाढत नाहीत. त्यामुळे नेमणूकपत्रातील तासांचा उल्लेख वाचणे आवश्यक ठरते.

‘ब्रेक’ची पद्धत

२४० दिवस भरू नयेत म्हणून मध्येच काही दिवस कामावरून कमी करून पुन्हा नव्या पत्रावर घेणे, याला बोलीत ‘ब्रेक देणे’ म्हणतात. महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्यातील चौथ्या अनुसूचीची सहावी बाब याच वर्तनाला उद्देशून आहे: कायम कामगाराचे लाभ नाकारण्याच्या हेतूने कामगारांना वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरते ठेवणे ही अनुचित प्रथा होय. तक्रार सामान्यतः ९० दिवसांत औद्योगिक न्यायालयात करावी लागते. ‘वर्षानुवर्षे’ आणि ‘हेतू’ हे दोन शब्द सिद्ध करणे सोपे नसते. शिवाय २४० दिवस भरल्याचा पुरावा देण्याची जबाबदारी कामगाराची, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हदीमनी प्रकरणात स्पष्ट केले. रोख पगार घेऊन कोठेही सही न केलेल्या कर्मचाऱ्याची बाजू येथेच कोसळते. पगारपत्रक, बँकेतील जमा, ओळखपत्र व हजेरीची नोंद यांचे मोल अशा वेळी कळते.

नेमणूक कोणाची

मोठ्या दालनांत एखाद्या कंपनीच्या वस्तूंपुढे उभा असलेला ‘प्रमोटर’ अनेकदा ना दालनाचा असतो ना त्या कंपनीचा; त्याचे पत्र मनुष्यबळ पुरवणाऱ्या संस्थेचे असते. कंत्राटी पद्धतीवर बंदी घातली गेल्याने कंत्राटी कामगार मूळ मालकाकडे आपोआप सामावला जात नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्टील अथॉरिटी प्रकरणात दिला. कंत्राट निव्वळ दिखाऊ असल्याचे सिद्ध झाले तरच चित्र पालटते.

नवी संहिता

औद्योगिक संबंध संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. अखंड सेवेसाठी २४० दिवसांची मोजणी तिने राखली; पण स्थायी आदेशांची सक्ती ३०० किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरती ठेवली. निश्चित मुदतीच्या नेमणुकीला तिने रीतसर स्थान दिले असून अशा कर्मचाऱ्याला मुदत चालू असेतो कायम कर्मचाऱ्याइतकेच वेतन व लाभ मिळावेत, असे बंधन घातले आहे. एक वर्ष सेवा झाल्यास त्याला ग्रॅच्युइटीही मिळू शकते. पूर्वी त्यासाठी सामान्यतः पाच वर्षे लागत. मुदत संपून नोकरी गेल्यास मात्र ती कपात मानली जात नाही, त्यामुळे कपातीची भरपाई मिळत नाही. दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतनावर पर्यवेक्षकाचे काम करणारा ‘कामगार’ या व्याख्येबाहेर जातो. परिणामी, हंगामी म्हणून लागून पर्यवेक्षकपदापर्यंत पोहोचलेल्या कर्मचाऱ्याला पगारवाढीबरोबर कामगार म्हणून मिळणारे संरक्षण गमवावे लागू शकते.