तलफेचा वेग आणि सत्त्वावजय
धूमपान सोडताना मनाच्या ताणाचे नियमन

जवळा बाजारसारख्या बाजारपेठेच्या गावात कास-श्वासाची तक्रार घेऊन येणाऱ्या अनेक रुग्णांनी बिडी सोडण्याचा प्रयत्न एकदा तरी केलेला असतो. "सोडली होती, पण डोक्याला ताप झाला की राहवत नाही," हे त्यांचे उत्तर आपणा सर्वांच्या परिचयाचे आहे. या ताणाचा विचार न करता केवळ कासाची औषधे देणे म्हणजे हेतू तसाच ठेवून लक्षणांची चिकित्सा करणे होय.

प्रथम रुग्णाचा एक गैरसमज दूर करावा. निकोटिनचे रक्तातील प्रमाण सुमारे दोन तासांत निम्म्यावर येते. मग अस्वस्थता व चिडचिड सुरू होते आणि पुढील बिडीने ती शमते. बिडी जो ताण घालविते, त्यातील बराचसा तिनेच निर्माण केलेला असतो. बिडी सोडल्यावर ही लक्षणे पहिल्या काही दिवसांत तीव्र असतात व साधारणतः दोन ते चार आठवड्यांत ओसरतात. एकेक तलफ तर बहुधा काही मिनिटांचीच असते.

येथे काहींना वेगधारणाची शंका येते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात तेरा अधारणीय वेग सांगितले आहेत. त्यांत तलफ बसत नाही. लोभ, क्रोध, भय इत्यादी मानस वेग मात्र धारण करावेत, असे तेथेच सांगितले आहे. तथापि धारण म्हणजे दात-ओठ खाऊन दडपणे नव्हे. अहितकर विषयांपासून मन आवरणे हा सत्त्वावजय होय, आणि सजगतेचा अभ्यास त्याचे एक सुलभ साधन ठरू शकतो.

रुग्णास पुढीलप्रमाणे शिकवावे. तलफ येताच स्वस्थ बसावे, श्वासाचे येणे-जाणे पाहावे. तलफ शरीरात कोठे जाणवते, घशात, छातीत की बोटांत, याकडे लक्ष द्यावे. तिच्याशी भांडू नये व तिच्यामागे जाऊही नये. ती चढते, टिकते आणि उतरते एवढे पाहावे. दवाखान्यातच पाच मिनिटे हा अभ्यास करवून घ्यावा आणि घरी सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटे करण्यास सांगावे.

त्याच अध्यायातील पादांशिक क्रम येथे उपयोगी आहे. वीस बिड्या ओढणाऱ्याने पंधरा, दहा, पाच असे चतुर्थांशाने कमी करत यावे; मात्र अखेरच्या बिडीची तारीख आधीच निश्चित करावी, अन्यथा रुग्ण पाचांवरच थांबतो.

या उपायाची मर्यादाही जाणून घ्यावी. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 मध्ये 88 व्यक्तींवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सतरा आठवड्यांनी सजगता गटातील 31 टक्के, तर प्रचलित प्रशिक्षणाच्या गटातील 6 टक्के लोक धूमपानमुक्त होते. परंतु अनेक अभ्यासांच्या 2022 मधील कॉक्रेन समीक्षेत असा लाभ स्पष्टपणे आढळला नाही. म्हणून सजगता ही सहायक चिकित्सा मानावी. तिच्या बळावर हमी देऊ नये. गरजेनुसार निकोटिन च्युइंगमसारख्या सिद्ध उपायांची जोड देण्यात कमीपणा मानू नये.

औषधविक्रेत्या बंधूंनीही दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. तंबाखूविरहित 'हर्बल' बिडीच्या धुरातही डांबर व कार्बन मोनॉक्साइड असतात. ती निर्धोक म्हणून विकू नये. तसेच बिडी सोडणारा खैनी किंवा मिश्रीकडे वळत नाही ना, हे विचारावे. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रात धूमपान करणारे प्रौढ 3.8 टक्के, तर धूरविरहित तंबाखू सेवन करणारे 24.4 टक्के होते. सल्ल्यासाठी 1800-11-2356 ही निःशुल्क राष्ट्रीय सेवा आहे. तो क्रमांक दुकानात लावावा.

दोन आठवड्यांहून अधिक खोकला असल्यास क्षयाची तपासणी, थुंकीत रक्त किंवा छातीत वेदना असल्यास तत्काळ रुग्णालय, हा नियम मोडू नये. रुग्णाने पुन्हा बिडी ओढली तर त्यास रागावू नये. कोणत्या क्षणी मन सुटले, हे त्याच्याबरोबर शांतपणे पाहावे. पुढील प्रयत्नाची सुरुवात तेथूनच करता येते.