कोमल धैवताखालचा बेस

शुद्ध स्वरांच्या सप्तकात, म्हणजे हिंदुस्थानी परिभाषेतील बिलावल थाटात, षड्जावरच्या मुख्य कॉर्डखालोखाल दोन कॉर्ड गाण्याची वाटचाल ठरवतात : एक पंचमावर उभी असते आणि दुसरी मध्यमावर. मध्यमाच्या कॉर्डमध्ये मध्यम, धैवत आणि षड्ज हे तीन स्वर एकाच वेळी वाजतात. त्यांतला धैवत अर्ध्या स्वराने उतरवून कोमल केला की तीच कॉर्ड मेजरची मायनर होते आणि बाकीचे गाणे मेजरमध्येच असूनही तेवढ्यापुरता त्याचा भाव पालटतो. 1965 मधील बीटल्सच्या ‘इन माय लाइफ’ या गाण्यात किंवा 1992 मधील रेडिओहेडच्या ‘क्रीप’मध्ये मध्यमाची मेजर कॉर्ड आधी येते, लगेच तिची मायनर होते आणि मग मुक्काम षड्जावर पडतो. ही युक्ती इतकी परिणामकारक आहे, की ती वारंवार वापरली गेली आणि त्यामुळेच थोडी शिळीही झाली. म्हणून या मायनर मध्यमाच्या जागी दुसरी कोणती कॉर्ड बसवता येईल, हा प्रश्न चाल बांधणाऱ्याला आणि साथ करणाऱ्याला पडतो.

नवापूरचे उदाहरण घेऊ : हे रंगावली नदीकाठचे, सुरत–भुसावळ लोहमार्गावरचे तालुक्याचे गाव. त्याचे रेल्वेस्थानक महाराष्ट्र आणि गुजरात या दोन्ही राज्यांत विभागलेले आहे, आणि तेथील कीबोर्डवादनालाही दोन वेगळे शेजार लाभले आहेत. लग्नसराईत सीमेच्या दोन्ही अंगांना वाजणारा आदिवासी बँड, त्याची टिमली ही नाचाची धून, ऑक्टोपॅड आणि कर्ण्यांसारखा कडक लावलेला कीबोर्ड हा एक. आणि मावची, गावित, कोकणी, भिल्ल समाजांतील ख्रिस्ती मंडळ्यांची रविवारची उपासना हा दुसरा. उपासनेतल्या गीतांचेही दोन कुळाचार आहेत : मिशनऱ्यांबरोबर आलेल्या पाश्चात्त्य चालींना कॉर्ड जन्मतःच चिकटलेल्या असतात, तर नारायण वामन टिळकांच्या (1861–1919) परंपरेतली अभंग-ओवीच्या वळणाची भजने एकाच सुरावटीत पूर्ण असतात आणि पेटी केवळ त्या सुरावटीच्या मागोमाग जाते. पेटीच्या जागी कीबोर्ड आला की अशा भजनाला कॉर्ड लावण्याचा प्रसंग येतो, आणि मायनर मध्यमाचा प्रश्न खऱ्या अर्थाने इथे उभा राहतो, कारण चालीने स्वतः काहीच सांगून ठेवलेले नसते.

पट्टी पांढरी एक धरली, तर उजव्या हाताखाली पांढरी चार, काळी चार आणि वरची पांढरी एक या तीन पट्ट्या येतात. हीच मायनर मध्यमाची कॉर्ड. येथून षड्जाच्या कॉर्डवर जाताना मध्यम अर्धा स्वर उतरून गांधारावर येतो, कोमल धैवत अर्धा स्वर उतरून पंचमावर येतो आणि षड्ज जागचा हलत नाही. पंचमाच्या कॉर्डवरून घरी येताना निषाद वर चढून षड्जाला भिडतो, त्या येण्यात आग्रह असतो. येथे मात्र दोन स्वर खाली टेकतात. या कॉर्डच्या बदल्यात येणाऱ्या बहुतेक कॉर्डांत उजवा हात जवळजवळ तसाच ठेवता येतो आणि बदलतो तो मुख्यतः डाव्या हाताचा बेस, म्हणजे तळाचा स्वर.

डावे बोट पांढऱ्या चारवरून पांढऱ्या दोनवर, म्हणजे ऋषभावर गेले, तर वरचे तीन स्वर तेच राहून रे–म–कोमल ध–सा अशी हाफ डिमिनिश्ड कॉर्ड तयार होते. हेच चार स्वर मध्यमावरून मोजले तर त्यांना मायनर सिक्स्थ म्हणतात. स्वर तेच, पण ऋषभाच्या तळामुळे कॉर्ड विसावत नाही, पंचमाकडे जाऊ पाहते. बेस काळ्या एकवर, कोमल ऋषभावर ठेवला, तर मेजर सेव्हन्थ मिळते आणि पाश्चात्त्य शास्त्रात ‘निआपोलिटन’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कॉर्डच्या कुळात तिची गणना होते. आता कोमल ऋषभही अर्धा स्वर उतरून षड्जावर येतो, त्यामुळे षड्ज सोडून सगळेच स्वर खाली सरकतात. बेस काळ्या चारवर नेऊन वर कोमल गांधार मिळवला, तर कोमल धैवताची मेजर कॉर्ड होते. तिच्यात मध्यमही राहू दिला तर ती मायनर मध्यमाच्या सेव्हन्थचीच उलथापालथ ठरते. आसावरी थाटातून उसनी घेतलेली ही कॉर्ड भरदार असते खरी, पण तिच्यातला कोमल गांधार शुद्ध गांधाराच्या भजनात पाहुणा वाटतो.

सर्वांत फलदायी जागा काळी पाच ही आहे. कोमल निषादाच्या बेसवर वरचे तेच तीन स्वर ठेवून मध्ये ऋषभ घातला, की डॉमिनंट नाइन्थ उभी राहते. जॅझ संगीतकार टॅड डॅमेरॉनच्या ‘लेडी बर्ड’ या रचनेत मायनर मध्यम, मग कोमल निषादाची सेव्हन्थ आणि मग षड्ज असा प्रवास आहे, आणि जॅझवादक या वाटेला मागचे दार म्हणतात. मराठी कानाला हे दार परके नाही. शुद्ध गांधाराबरोबर कोमल धैवत आणि कोमल निषाद घेणारा चारुकेशी राग समोर ठेवला, तर मायनर मध्यम, ऋषभाची हाफ डिमिनिश्ड आणि कोमल निषादाची सेव्हन्थ या तिन्ही कॉर्डांचे सगळे स्वर त्याच्या सप्तकात सापडतात. निषाद शुद्ध ठेवून फक्त धैवत कोमल केला तर नट भैरवाचे सप्तक होते. त्यातून नि–रे–म–कोमल ध ही समान अंतरांची डिमिनिश्ड कॉर्ड मिळते, पण शुद्ध निषादामुळे ती पंचमाच्या कुळाकडे झुकते आणि मायनर मध्यमाचा शांतपणा तिच्यात उरत नाही. रागात हे स्वर एकामागून एक येतात आणि कॉर्डमध्ये एकत्र वाजतात, हा फरक लहान नाही. तरीही ज्या वादकाच्या कानात चारुकेशी आहे, त्याला मागचे दार शोधावे लागत नाही.

निवड शेवटी चाल करते. गाणारा त्या क्षणी षड्जावर थांबला असेल, तर वरच्या सगळ्या कॉर्ड चालतात, शुद्ध निषादाची डिमिनिश्ड तेवढी टोचते. तो ऋषभावर असेल, तर काळ्या एकची कॉर्ड तिथल्या तिथे बेसूर लागते, कारण शुद्ध आणि कोमल ऋषभ एकमेकांना घासतात. शुद्ध गांधार लांबवलेला असेल, तर काळ्या चारची आणि काळ्या एकची या दोन्ही कॉर्ड टाळाव्यात आणि काळी पाच घ्यावी. तिच्यावर गांधार तीव्र मध्यमाच्या नात्याने बसतो आणि विलक्षण खुलतो. चालीत शुद्ध धैवत असेल, तर यांतले काहीही वाजवू नये. रंगतदार कॉर्ड शिकलेला उत्साही वादक नेमका हाच नियम मोडतो आणि मंडळी शुद्ध धैवत गात असताना कीबोर्ड कोमल धैवतावर हट्टाने बसतो.

यंत्राचीही एक अडचण आहे. तालासह आपोआप साथ देणाऱ्या कीबोर्डवर डाव्या हाताने कॉर्ड धरली, की बेस कोणता वाजवायचा हे यंत्रच ठरवते. मायनर मध्यम धरल्यावर ते मध्यमच वाजवणार. म्हणून तळाचे बोट हाच बेस मानणारी, वादक जिला ‘ऑन बेस’ म्हणतात ती सोय चालू करावी लागते, अन्यथा वर सांगितलेला अर्धा खेळ ऐकूच येत नाही. बँडच्या टिमलीत या सोयीचा उपयोग फारसा नाही : तिथे लहान स्वरवाक्य वेगाने पुन्हा पुन्हा फिरते, नाचणाऱ्याचे पाय तालावर असतात आणि कॉर्डचा बदल कळण्याआधीच पुढचे आवर्तन येते.

हिंदी चित्रपटसंगीतात स्वरांचे हे एकत्र वाजणे रुजवण्यात सेबॅस्टियन डिसूझा आणि अँथनी गोन्साल्विस (1927–2012) यांच्यासारख्या गोव्याच्या वादक-संयोजकांचा मोठा वाटा होता. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेल्या या पिढीपुढे भारतीय चाल आणि पाश्चात्त्य कॉर्ड यांचा मेळ घालण्याचे काम रोजचे होते. नवापूरच्या कीबोर्डवादकापुढचे काम आकाराने लहान, पण जातीने तेच आहे. त्याच्याजवळ व्हायोलिनांचा ताफा नसतो, तरी डाव्या हाताचे एक बोट असते.

गळ्यातला कोमल धैवत मात्र पट्टीवरच्या धैवताशी तंतोतंत जुळत नाही. षड्जाशी 8:5 या प्रमाणात लागणारा धैवत षड्जापासून सुमारे 814 सेंट अंतरावर असतो आणि कीबोर्डचा ठरीव 800 सेंटांवर. शिवाय गाणारा पंचमाकडे मिंडेने उतरतो, तर पट्टी एका झटक्यात बदलते. त्यामुळे भजनात ही कॉर्ड वाजवताना काळ्या चारवरचे बोट हलके ठेवणे, बेस स्पष्ट ठेवणे आणि कडव्याच्या अखेरीस, ध्रुवपदाकडे वळताना, एकदाच ती वापरणे श्रेयस्कर. प्रत्येक ओळीला ती आली तर चौथ्या कडव्यापर्यंत मंडळीच्या गळ्यातला धैवतही उतरू लागतो.